आत्याने धरलेली जागा

माझं काम लोकांना समजावून सांगताना माझीच पंचाईत होते. वैद्यकीय संशोधनाचे लेख इंटरनेटवर येतात. ते किती जणांनी, कुठून उघडले, किती वेळ वाचले, कुणी पुढे पाठवले, हे मी किन्हवलीच्या घरात बसून मोजते. वाचते मात्र क्वचित. वजन करणाऱ्याने कुठे सगळा माल चाखायचा असतो, असं वर मीच म्हणायची.

त्या वेळी माझ्याकडे कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीचा एक लेख होता. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावायचं, असा तो उपचार. लेख चांगला, पण आकडा काही हलेना आणि साहेब रोज विचारायचे. वैतागून मी लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली : 'सगळ्यांनी रोज उघडा, पुढे पाठवा.' लगेच डोळखांबहून वहिनीचा, म्हणजे माझ्या आत्याच्या सुनेचा फोन. आत्याला नुकताच स्तनाचा कॅन्सर निघाला होता.

"ताई, हे आईंच्या आजाराचं हाय का?"

मी जेवत होते. "हो गं, त्याच आजाराचं," म्हटलं आणि फोन ठेवला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आकडा चढला. शिवाय काही जण लेखावर खूप वेळ थांबत होते. 'ग्रामीण भागातूनही लेख मन लावून वाचला जातोय,' असं मी अहवालात थाटात लिहिलं. मीटिंगमध्ये साहेबांनी कौतुक केलं. ही आपलीच माणसं आहेत हे मला कळत होतं, तरी मी ते कौतुक गोड मानून घेतलं.

पुढे एका रविवारी आत्याला बघायला गेले, तर ती घरात नव्हती. "वर टेकाडावर असतील," वहिनी म्हणाली, "तिथंच रेंज येते." चढून गेले. मोहाच्या झाडाखाली आत्या बसली होती, केस गेलेल्या डोक्यावर पदर आणि मांडीवर फोन. फोनवर माझा तो लेख उघडा.

"सलाइनला कधी जायचंय?" मी विचारलं. केमोला ती सलाइनच म्हणायची.

"नाय गेले. मागच्या खेपेला पण नाय गेले."

"का गो?"

"तिथं दिवसभर पडून राहायचं, नर्स फोन काढू देत नाय, मग हे कोण उघडणार? आपली जागा जाईल ना."

आमच्याकडे सरकारी दवाखान्यात डॉक्टर यायच्या आधी माणसं ओळीत चपला, पिशव्या ठेवून जागा धरतात. मध्ये मध्ये येऊन बघावं लागतं, नाहीतर पिशवी बाजूला सरकते. आत्या तेच करत होती. लिंक उघडून बसायचं, म्हणजे नव्या औषधाच्या रांगेतली जागा पक्की. वाचता तर तिला येतच नाही. पाड्यातल्या बायकाही अधूनमधून तिच्यासाठी उघडत होत्या, तिची जागा कुणी घेऊ नये म्हणून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्या, ही रांग नाही. यातून औषध मिळत नाही. हे फक्त वाचायचं असतं," मी म्हटलं.

तिने फोन मांडीवर पालथा घातला. "मंग रोज उघडा असं का सांगितलंस?"

"माझ्या कामासाठी. किती जणांनी उघडलं ते मोजतात." हे बोलताना तिच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीच तिला दवाखान्यात नेलं. खेपा चुकवल्या म्हणून डॉक्टर रागावल्या, आता आजार कुठवर गेलाय ते पुन्हा तपासावं लागेल म्हणाल्या. "शेतावर कामं होती," आत्याने सांगितलं. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच उभी होते, आणि मीही काही बोलले नाही.

रक्त तपासून त्या दिवशीची सलाइन लागली. नर्स गेल्यावर आत्याने मोकळ्या हाताने उशीखालचा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"आजचं उघडायचं राहिलंय बघ," ती म्हणाली. "तुझा आकडा कमी व्हायला नको."