मीटिंगमध्ये लिहून कोण घेणार

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी येत नाही. पण कोण कुणाला बोलू देत नाही, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये मुलगा, सून आणि मी राहतो. सून पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. आठवड्यातले तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करते. सुरुवातीला मला ते काम वाटायचंच नाही. तिची मीटिंग चालू असताना मी तिला कुकर बघायला हाका मारल्या आहेत. ती बिचारी उठायची, गॅस बंद करून परत बसायची. चूक माझी होती.

पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, निवडत बसू लागले, तेव्हा लक्षात आलं. सून दोन वाक्यं बोलली की एक पुरुषी आवाज मध्ये घुसायचा आणि ती थांबायची. मग बराच वेळ नुसती टाइप करत राहायची.

एवढं काय लिहितेस, मी विचारलं. कोण काय बोललं ते, ती म्हणाली. टीममध्ये सात जण, बाई ही एकटी, आणि लिहून घ्यायचं काम पहिल्या दिवसापासून हिच्याकडे. अक्षर चांगलं म्हणून दिलं म्हणावं, तर सगळं टाइपच करायचं.

त्याच सुमारास नवा टीम लीड ठरायचा होता. वर्षभर खपून तिने जे बनवलं, ते गुरुवारी मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं. मध्ये बोलणाऱ्या गृहस्थाचाही त्या जागेवर डोळा होता. सून म्हणाली, काम माझं आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, "पंगतीत वाढणारी सगळ्यांना दिसते. गप्पांत तिला कोण विचारतं? लिहायला नाही म्हण."

"आई, भांडखोर म्हणतील मला."

"म्हणू देत. मला जन्मभर म्हणतात. काही बिघडलं नाही."

मुलगा म्हणाला, उगीच लफडं नक्को, सगळीकडे असंच चालतं. तुझ्या ऑफिसात कोण लिहून घेतं, मी विचारलं. तो म्हणाला, एक मुलगी आहे. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

गुरुवारी तोही घरी होता. स्वयंपाक त्याच्याकडे दिला आणि मी टेबलाशी बसले. मीटिंग सुरू होताच त्या गृहस्थाने सुनेचं नाव घेऊन काहीतरी सांगितलं. ती एकच वाक्य बोलली. त्याचा अर्थ तिने मला नंतर सांगितला: "आज दुसऱ्या कुणीतरी लिहा, मला बोलायचं आहे."

मग तिने सुरुवात केली. तो एकदा मध्ये आलाच, पण ही थांबली नाही. थोडा वेळ दोन्ही आवाज एकदम चालले, मग त्याचा थांबला. ही अर्धा तास बोलली.

सोमवारी निकाल आला. लीड हीच, पण सहा महिने पारखून मग कायम. आधीच्या लीडला अशी अट नव्हती. तो पुरुष होता.

सून रडेल असं मुलाला वाटलं होतं. तिने लीडची जागा घेतली आणि लगेच साहेबांना मेल टाकला, की ही अट मलाच का. उत्तर अजून आलेलं नाही. ती दर सोमवारी पुन्हा विचारते.