खाटेवरचं कोर्ट

त्या वर्षी आमच्या घरात तीन माणसं होती आणि त्यातली दोन कॉलेजात जात होती. नवरा वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी करून संध्याकाळी लॉ कॉलेज गाठायचा. मी सकाळी कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या कोर्सला जायचे. तिसऱ्या आमच्या सासूबाई. गावाकडं पावसानं दगा दिला, विहिरीनं तळ दाखवला, सासरे मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात निघाले आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. इथं शहरात तरी कुठं पाणी होतं म्हणा! बीड बायपासच्या पलीकडं इमारती भराभर उभ्या राहिल्या, नळ मात्र अजून यायचेच होते. टँकर यायचा, तोही आठवड्यातून एकदा.

कायदा शिकणारा माणूस घरात असणं ही शिक्षाच आहे, आणि तिला जामीन नाही. पहिल्याच सत्रात हा माणूस ‘मीठ जास्त झालंय’ म्हणायचं सोडून ‘माझी हरकत आहे’ म्हणायला लागला. फौजदारी कायदा सुरू झाल्यावर तर दूध उतू गेलं तरी माझा हेतू काय होता ते विचारायचा.

कॉलेजात त्यांचं मूट कोर्ट असायचं. म्हणजे खोटा खटला अगदी खऱ्यासारखा चालवायचा आणि त्याचे मार्क मिळवायचे. सरावासाठी त्यानं घरातच कोर्ट भरवलं. जेवणं झाली की सासूबाई खाटेवर, ते न्यायासन. आम्ही दोघं समोर उभे. नियम सगळे त्याचे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. न्यायाधीशानं विचारलं तर खरं तेच सांगायचं. आणि खाटेवर बसलेल्या माणसाला नातंगोतं नसतं. खटले फुटकळ असायचे, ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला, पंखा कुणी चालू ठेवला, असले. मी दरवेळी हरायचे. मुद्दे माझ्याकडंही असत, पण मला राग आधी यायचा आणि मुद्दा मागून. तोवर निकाल लागलेला असायचा.

माझ्या अभ्यासाचं मात्र सासूबाईंना भारी कौतुक. नेटवर्कच्या वायरीत आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. त्या ठरलेल्या क्रमानं कनेक्टरमध्ये बसवायच्या. एक जरी इकडची तिकडं झाली तर कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्या बरोबर बसल्या की वायर तपासायच्या मशीनवर हिरवा दिवा लागतो.

“दिवा लागंस्तोवर कळतच नाय व्हय?” त्यांनी विचारलं होतं.

“नाही कळत, आत्याबाई.”

“मग पाठच कर.”

माझे वायरीचे तुकडे संपले तेव्हा त्यांनी रंगीत लोकरीचे आठ धागे काढून दिले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... हा क्रम माझ्याआधी त्यांचाच पाठ झाला. भाकरी थापता थापता मला विचारायच्या आणि मी चुकले की पिठाचा हात तसाच वर धरून म्हणायच्या, “फिरून म्हण.”

आणि माझी प्रॅक्टिकल परीक्षा नेमकी टँकरच्या दिवशी आली. त्याच दिवशी, त्याच वेळेला नवऱ्याचं मूट कोर्ट. टँकर आला की घरटी एकानं ड्रमजवळ उभं राहायचं, पाईप धरायचा आणि मग हंडे भरून तीन जिने वर न्यायचे. सासूबाईंना एक जिना चढता आला तरी नशीब. शेजाऱ्यांना सांगावं, तर त्या दिवशी ज्याला त्याला आपलाच ड्रम दिसायचा. टँकर चुकला की आठवडाभर कोरडं. म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाला घरी थांबणं भाग होतं.

आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर कोर्ट भरलं. पहिल्यांदाच खरं.

तो आधी बोलला. मूटमध्ये जोडीदार असतो, त्याची तयारी वाया जाईल. कारखान्यातून रजा मंजूर झालीय. काळा कोट मित्राकडून मागून आणलाय. उद्या वकिली सुरू झाली तर भलं अख्ख्या घराचंच होणार. इतकं सुरेख बोलला की मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता.

माझी पाळी आली. डोक्यात नुसता जाळ. “मला जायचंय,” मी म्हणाले. पुढं काही सुचेना, म्हणून परत तेच म्हणाले, “मला जायचंय.”

सासूबाईंनी लेकाकडं पाहिलं. “उद्या तू नाय गेलास तर परत कधी?”

वकीलसाहेब पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागले.

“खरं सांगायचं असतंय म्हणला होतास.”

“पुढच्या बॅचबरोबर करता येतं. पंधरा दिवसांनी.”

“आन् हिचं?”

मी तोंड उघडायच्या आत त्यानंच उत्तर दिलं. “हिचं पुढच्या वर्षी.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!” मी उसळलेच.

“गप गं, कोर्ट चालू हाय,” सासूबाईंनी मलाच दटावलं. मग त्याला म्हणाल्या, “ती जाईल. तू पाण्यावर थांब.”

“माय, अगं मी तुझा पोरगा ना?”

“खाटेवर बसल्यावर मला पोरगा नाय. तूच शिकवलंस.”

“मग मी अपील करतो.”

“कर की, तुझ्या बापाकडं. मेंढरामागं हाय कुठंतरी. हुडकून काढ.”

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. माहेरी माझी शाळा, माझं लग्न, सगळं घरच्यांनी मायेनंच ठरवलं होतं. पण ‘तुझी बाजू काय’ असं मला तोवर कुणीही विचारलं नव्हतं.

परीक्षेत सर डोक्यावर उभे होते. पण कानात सासूबाईंचा आवाज चालूच होता, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा. आठही तारा बसवल्या, कनेक्टर दाबून पक्का केला आणि वायर मशीनला जोडली. मोहरीएवढा हिरवा दिवा लागला. अख्ख्या लॅबसमोर नाचावंसं वाटलं.

घरी परतले तर गल्लीत टँकर उभा आणि ड्रमच्या रांगेत आमचे हे. कोर्टासाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट. एका बाईनं ड्रम मध्येच घुसवला होता आणि हे तिला समानतेचं तत्त्व समजावून सांगत होते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रम आणखी वीतभर पुढं सरकवला.

त्यानं मला पाहिलं आणि ड्रम सोडून एक पाऊल पुढं आला. “काय झालं?”

मी काही बोलायच्या आत वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, “लागला का गं दिवा?”

सगळी रांग आधी वर बघायला लागली, मग माझ्याकडं. लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीतून मी खालमानेनं ये-जा केलेली. घरात भांडायचे, पण बाहेर माझा आवाज कसा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मान वर केली आणि टँकरच्या मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, “लागला, आत्याबाई! लागला!”