ओळखीचे कपडे

पांढरकवड्याच्या बाजारात माझ्या वडिलांचा कोट विकायला टांगलेला मी पाहिला, तेव्हा वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मी नुकतीच घाटंजीच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते. शाळेच्या कामासाठी एसटीनं पांढरकवड्याला गेले होते. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बाजारातून चालले होते. जुने कपडे विकणारा एक म्हातारा बांबूच्या काठीवर सदरे, बंड्या, पातळं टाकून बसला होता. त्यातच तो तपकिरी कोट होता. तपकिरी कोट कोणाचाही असतो, म्हणून मी त्याची आतली बाजू उलटून पाहिली. काखेपाशी अस्तराला निळ्या पातळाचा तुकडा लावलेला होता. तो माझ्या आईनं लावला होता. ते निळं पातळ आमच्या घरी अजून होतं.

"हा कुठून आणला?" मी विचारलं.

"बाई, माल येते. कुठून येते थे कोन इचारते," म्हातारा म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्यानं सांगितलं, "चोरीचा नाही. घाटंजीचे एक म्हातारे मास्तर आनून देतात."

म्हातारे मास्तर कोण, हे मला विचारावं लागलं नाही. नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी आमच्या गावाबाहेर, नाल्यापलीकडे, एका शेतातल्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या जुन्या गोठ्यात, पंधरा-सोळा मुलं ठेवली होती. त्यातला कोणी चोरी करताना सापडलेला, कोणी घरून पळालेला, तर कोणाला बापानंच 'हा माह्याच्यानं सुधरत नाही' म्हणून आणून सोडलेला. गाव त्याला आश्रम म्हणे आणि तो गावाच्या मदतीवरच चाले. शेतकरी हंगामात ज्वारी, तूर देत. जुने कपडे मागायला मात्र गुरुजी स्वतः दारोदार फिरत. वडील गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात ते आमच्याही दारी आले होते.

आमची वस्ती बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्यांची. गावातली वरची माणसं तिथं कामाशिवाय येत नसत. गुरुजी ओसरीवर बसले, आमच्या कपातला चहा प्याले. हा माणूस इतका गोड का वागतो, असं मला तेव्हाच वाटलं होतं. आईनं मात्र आतून कोट आणून दिला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. जन्मात मापानं शिवून घेतलेला तो त्यांचा पहिला कपडा होता. "कोन्या पोराले थंडीत होईन," एवढंच आई म्हणाली.

आता तो कोट काठीवर लटकत होता. मी तो सोडवून आणला नाही. आणला असता तर आईला सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्याआधी मला गुरुजींना पकडायचं होतं.

पुढच्या रविवारी मी आश्रमात गेले आणि मुलांना वाचायला शिकवते म्हणाले. गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"इथं पगार नाही."

"माहीत आहे."

"मग तुम्ही काहून येता?"

"शिकवायला," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं. मी शिकवत होते तोवर ते दारातल्या खाटेवर वर्तमानपत्र धरून बसले. पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नाही. मी मुलांच्या धर्माला हात घालायला येते, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवसांत ते माझ्यावर नजर ठेवून होते आणि मी त्यांच्यावर.

मुलांच्या अंगावर सगळे सारखेच कपडे होते. मांजरपाटाचे सदरे, खाकी चड्ड्या, हातानं घातलेली वाकडी टीप, एक बाही लांब तर एक आखूड. गावानं इतके कपडे दिले, त्यातला एकही कोणाच्या अंगावर नव्हता. मागच्या खोलीला कुलूप असे. "आत काय आहे रे?" मी एकाला विचारलं. "आमाले नाही माहीत," तो म्हणाला आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या. ती मुलं खोटं बोलत होती आणि त्यांना ते कोणीतरी शिकवलं होतं, याबद्दल मला शंका राहिली नाही.

चौथ्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. गुरुजी सायकलच्या मागे चादरीचं मोठं गाठोडं बांधत होते.

"गुरुजी, यात काय आहे?"

"कपडे."

"कुठं चालले?"

"पांढरकवड्याला."

ते लपवतील, मग मी बोलेन, असं मी ठरवून आले होते. त्यांनी सरळ सांगितल्यावर माझी तयारी वाया गेली. तरी मी म्हणाले, "माझ्या वडिलांचा कोट असाच गेला ना?"

त्यांनी सायकल कडुलिंबाला टेकवली. मग त्यांनी एका मुलाला हाक मारली. बारा-तेरा वर्षांचा असेल, एका भुवईवर शिवल्याची खूण होती. "बाईंना चक्कीवरचं सांग," ते म्हणाले. "मी आत जातो. माझ्यासमोर सांगितलं तर पढवलं असं वाटेल."

मुलगा पायानं माती उकरत उभा राहिला. मग म्हणाला, "मले एक सदरा भेटला होता. हिरव्या पट्ट्यायचा. थो घालून मी दळन आनाले गेलतो. तिथं एक बाई म्हने, हा तं माह्या पोराचा सदरा होय, यानं दोरीवरून चोरला. मी म्हनलं, गुरुजीनं देल्ला. कोनी आयकलं नाही. दोघा-तिघाईनं मारलं."

"पण तो तिच्या घरूनच आलेला ना?"

"तिच्या सासूनं देल्ला होता. तिले माहीत नव्हतं."

"मग?"

"मंग सदरा तिथंच काहाडून घेतला. मी तसाच उघडा आलो."

माझा विश्वास बसला नाही. गुरुजी आत गेले म्हणजे पढवलं नाही, असं थोडंच असतं? सोमवारी शाळा सुटल्यावर मी चक्कीवर गेले आणि चक्कीवाल्याला विचारलं.

"हो, मारलं होतं," तो पीठ झाडत म्हणाला. "मंग काय झालं? थे पोट्टे चोरच आहेत ना बाई?"

मी परत आश्रमात गेले तेव्हा गुरुजींनी उरलेलं सांगितलं. त्या दिवसापासून ते गावात मिळालेले कपडे दुसऱ्या गावच्या बाजारात देत आणि त्याच्या बदल्यात कोरं कापड आणत. ते कापड ते आणि दोन मोठी मुलं सुई-दोऱ्यानं शिवत. मुलांना त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं. "आपला सदरा पोराच्या अंगावर दिसला नाही, तर लोक देणं बंद करतील," ते म्हणाले. "आणि दिसला, तर पोरगं चोर ठरते. पण तुमच्या आईला मी सांगायला हवं होतं."

घरी आई तूर निवडत होती. मी तिला कोटाचं सांगितलं. ती रडेल म्हणून मी तिच्याजवळ सरकून बसले होते. तिनं सूप खाली ठेवलं.

"दीक्षा घेऊन आल्यावर तुह्या बापानं काय सांगतलं होतं?" ती म्हणाली. "आता कोनाचं उतरलेलं आंगावर घालाचं नाही. ना जित्याचं, ना मेल्याचं. अन् मीच थे लोकाच्या पोरायले देल्लं."

हे मलाही आठवायला हवं होतं. लहानपणी गावातल्या एका घरचा झगा घालून मी शाळेत गेले होते आणि त्या घरच्या मुलीनं तो वर्गासमोर ओळखला होता. इतके रविवार मी त्या मुलांकडे पाहत होते, पण शोधत होते फक्त गुरुजींची चोरी.

पुढच्या रविवारी आई घरची शिवणाची हातमशीन घेऊन माझ्याबरोबर आली. तिनं मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचं माप घेतलं. मी आकडे लिहून घेत होते. भुवईवर खूण असलेल्या मुलाच्या गळ्याभोवती टेप गेली तसा तो झटकन मागे सरला. आईनं टेप त्याच्याच हातात दिली. "तूच धर," ती म्हणाली. "दोन बोटं सैल ठेवजो." त्यानं धरली. पहिले काही महिने आई मशीन तिथं ठेवायची, कात्री मात्र कमरेला खोचून घरी आणायची. विश्वास टाकायची घाई तिलाही नव्हती.

हळूहळू वस्तीतल्या तीन-चार बायका काजं-गुंड्या करायला येऊ लागल्या. मदत करायची म्हणून कोणी विचारलं, की आई सांगायची, जुनं देऊ नका, कोरं कापड द्या. तेही नसेल तर अर्धा दिवस येऊन बसा. गावातल्या काही घरांनी मात्र धान्य देणं थांबवलं. एका अडत्यानं गुरुजींना ऐकवलं, आज यांच्या हातचे सदरे घालता, उद्या यांचा धर्म घ्याल. गुरुजी ते मनात ठेवू शकले नाहीत. एकदा मशीनजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुमचा तसा काही विचार नाही ना?"

आईनं चाक थांबवलं. "गुरुजी, तुमी इतके दिस पाहून राह्यले. तुमाले काय दिसलं?"

"शिवण," गुरुजी म्हणाले.

"मंग झालं."

दोनेक वर्षांनी सरकारी मदत मिळायची चिन्हं दिसू लागली आणि एक अधिकारी पाहणीला आले. मुलं नीटनेटकी आहेत, असं ते म्हणाले. फक्त पळून गेलेला मुलगा लोकांना ओळखू आला पाहिजे, म्हणून प्रत्येक कॉलरवर लाल पट्टी लावा. गुरुजींना ती मदत हवी होती. अधिकारी गेल्यावर ते आईला म्हणाले, "लावावी लागेल."

आई नाही म्हणाली नाही. तिनं प्रत्येक सदऱ्याला पट्टी लावली, पण कॉलरच्या आतून आणि लाल नव्हे, सदऱ्याच्याच रंगाची. गुरुजींनी एक सदरा हातात घेऊन उलटापालटा केला, तिच्याकडे पाहिलं आणि तो घडी करून ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात दोन मुलं पळाली. पोलिसांनी एसटी स्टँडवर विचारलं, पण तसे सदरे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. एक मुलगा तिसऱ्या दिवशी आपणहून परत आला, उपाशी. दुसरा कधीच आला नाही. त्याचं बरं झालं की वाईट, हे आम्हाला कळलं नाही. आई त्यानंतर कितीतरी दिवस नव्या सदऱ्याची कॉलर शिवताना मध्येच थांबायची आणि मला विचारायची, "लाल लावाले पाह्यजे होती का व?" मी पुढच्या मापाचा आकडा वाचायचे. मग ती पुन्हा चाक फिरवायला लागायची.