सासूबाईंची पाणथरी

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा पनवेलला आमच्या सासूबाई आजारी पडल्या. आमचं मिठागर होतं. तिथं अनवाणी हिंडताना त्यांच्या टाचेला गळू झालं. ते त्यांनी काट्यानं स्वतःच फोडलं आणि विसरून गेल्या. पुढे ताप भरला, उतरेना. त्यात डावा खांदा ठणकायला लागला. मी तेल चोळायचे आणि त्या कण्हत म्हणायच्या, "हातात जोर नाय. म्हायेरी जेवायला देत नव्हते का?"

शेवटी ह्यांनी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी खांदा सोडून डाव्या बरगड्यांखाली बोटं दाबली, तशी सासूबाईंनी त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली.

"पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, पू झालेला दिसतोय," डॉक्टर मनगट चोळत म्हणाले. "तिथलं दुखणं कधीकधी खांद्यात जाणवतं. टाचेतले जंतू रक्तातून तिथं पोचले असणार."

"एवढ्या लांब?" सासूबाई म्हणाल्या. "मधी कुठं उतरले नाय?"

मुंबईच्या इस्पितळात तेच निदान झालं. पेनिसिलिनच्या सुया सुरू झाल्या. नर्स दिसली की सासूबाई घोरायला लागायच्या. एवढं करून ताप हटेना, तेव्हा सर्जन म्हणाले, पाणथरीच काढावी लागेल.

"काढा. पन ती जागा रिकामी ऱ्हानार?"

"आतडी सरकतात तिकडे."

"बग," त्या माझ्याकडे वळल्या, "आपल्या बांधासारखंच. आपन जागा सोडली का शेजारी सरकला!" मिठागराच्या बांधावरून आमचं तेव्हा शेजाऱ्याशी भांडण चालू होतं.

ऑपरेशनला नेताना मात्र त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. वॉर्डबॉयनं स्ट्रेचरबरोबर मलाही दारापर्यंत नेलं. दार बंद झाल्यावर मी हमसून हमसून रडले. माझं मलाच नवल वाटलं.

शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "पानथरी कुठं हाय?"

"तपासायला नेली," मी म्हटलं.

"मना न विचारता?"

हळूहळू ताप गेला, टाके निघाले, आम्ही घरी आलो. आळीतल्या बायका भेटायला यायच्या. सासूबाई पाणथरीचं वर्णन करायच्या. पहिल्या दिवशी ती पेरूएवढी होती, मग नारळाएवढी झाली. ती कलिंगडाएवढी झाली तेव्हा एका बाईनं भुवया उंचावल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हो तर," मी म्हटलं, "मी स्वतः बघितली ना!"