तोंड उघडणारं जहाज आणि आमची काहील

लढाई संपून रजेवर आलो तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं शौर्य काही नव्हतं. मी फौजेत लॉरी चालवायचो, आणि लॉरीत बहुतेक कांदे असायचे. शत्रू मला कधी दिसला नाही, त्यालाही मी दिसलो नाही. पण रणगाडे वाहणाऱ्या जहाजातून मी गेलो होतो, आणि तेवढ्या भांडवलावर आष्ट्याजवळच्या एका गावी मुलीकडच्या बैठकीत छाती काढून बसलो.

होणारे सासरे आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. त्यांनी विचारलं, "काय बघितलंस रं तिकडं?"

मी सुटलोच. सव्वाशे पावलं लांब जहाज. इंजिन, खलाशांच्या खोल्या, कप्तानाची जागा, सगळं शेपटाकडे. पुढचं पोट मोकळं, बोगद्यासारखं; त्यात रणगाडे न् लॉऱ्या साखळ्यांनी जखडलेल्या, वर धूर ओढणारे पंखे. दोन्ही कुशींना फळ्यांवर आम्ही माणसं. बूड पसरट, म्हणून ते वाळूवर चढायचं, आणि म्हणूनच समुद्रात असं डुलायचं की दोन दिवस मी भाताकडे पाहिलं नाही. किनाऱ्याला लागलं की नाकाची दोन दारं उघडायची, आतली उताराची लोखंडी फळी खाली पडायची आणि आमच्या लॉऱ्या थेट वाळूवर.

"थांब," हवालदार म्हणाले. "तोंड उघडल्यावर पाणी आत शिरत न्हाई व्हय? आन् वाळूत रुतलेलं जहाज म्हागारी कसं काढत्यात? बैलं जुपून?"

बैठक खदाखदा हसली.

"आवं मामा, तळाला पाण्याच्या टाक्या असत्यात. त्या उपसल्या की नाक वर उचलतं. आन् किनारा यायच्या आधीच मागनं लंगर टाकत्यात, मग त्याचाच दोर ओढून..."

"पाव्हणं," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगं लय फेकतंय. फेकणाऱ्याला मी पोरगी देत न्हाई."

मुलगी मला फार आवडली होती. वडिलांची मान खाली गेलेली. मी बोलून बसलो, "नदीवर चला. काहिलीत बसवून दाखवतो."

आमच्याकडे गुऱ्हाळ नसतं तेव्हा गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील कृष्णेत होडी म्हणून चालते. अट ठरली : काठावर ती रुतवायची, आणि पाण्यात पाय न घालता, काठी न टेकता मागे काढायची. लंगर म्हणून विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा गळ घेतला, त्याला दगड बांधला. काहिलीत मी, हवालदार आणि वल्हवायला माझ्याबरोबर आलेले दोन चुलतभाऊ. काठावर अख्खं गाव. बायकांच्या घोळक्यात ती.

तिच्याकडे बघण्याच्या नादात मी गळ टाकला तो अगदी काठाजवळ. काहील चिखलात चढली. दोर ओढला, तर गळच सरकत आला. त्याला शेवाळ आणि कुणाची तरी फुटकी घागर.

"शाब्बास! जहाज ऱ्हायलं, घागर निघाली!" हवालदार ओरडले. हसण्यानं काठ दणाणला. चुलतभावांनी खाली उतरून ढकललं तेव्हा काहील सुटली.

"आणखी एकदा, मामा."

"कर बाबा. जेवायला वेळ हाय अजून."

या खेपेला मी फक्त पाण्याकडे पाहिलं. काठ वीसएक हात दूर असतानाच गळ सोडला आणि दोर ढिला देत गेलो. काहील धाडकन चिखलात चढली. दोर ओढला. ताठ झाला, गळ कुठेतरी पक्का रुतला होता. पण काहील जागची हलेना. काठावर शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात टाक्या आठवल्या. हवालदार, म्हणजे आमच्यातलं सगळ्यात जड वजन, नेमके पुढे बसले होते.

"मामा, म्हागं सरका! समदे म्हागं!"

मला हुकूम देतोस, अशा नजरेनं त्यांनी पाहिलं. पण फौजी माणूस, सरकले. काहिलीची पुढची कड चिखलातून चपकन सुटली. मी दोर ओढला. एक हात, दोन हात, आणि काहील अलगद पाण्यात.

काठावर असा ओरडा झाला की पलीकडच्या रानातले बगळे उडाले. हवालदार कड धरून उठले, डगमगले, पुन्हा बसले आणि तिथूनच वडिलांना हाक दिली, "पाव्हणं! पोरगं खरं बोलतंय! साखर वाटा!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता दोर माझ्याकडं दे. आन् तू बस म्हागं."

त्या दिवशी आम्ही आणखी तीनदा काठावर चढलो. तिन्ही वेळा लंगर त्यांनी टाकला, दोर त्यांनी ओढला, आणि लग्नाची तारीख ठरवायला आलेला भटजी तोवर काठावर ताटकळत उभा होता.