सारवलेली भिंत
पिंप्राळ्यात शेजारचं अंगण शेणमातीने सारवलं, की त्या वासासरशी मला चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक घर आठवतं. नाल्याला पूर आला तर कोणत्या घरांना धोका आहे, याची पाहणी करत मी दिवसभर उन्हात फिरलो होतो आणि ते शेवटचं घर होतं. मागच्या पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण मोजायची आणि तिचा फोटो काढायचा, एवढंच काम होतं. पण भिंत ओली होती, नुकतीच सारवलेली. "अक्का, खूण कुठे गेली?" मी विचारलं. घरातली म्हातारी कौतुकाने म्हणाली, "तुम्ही येनार म्हनीसन बठ्ठं घर सारी टाकं, भाऊ." मग छातीशी हात धरून तिने पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवलं. फॉर्ममध्ये त्या हातासाठी रकाना नव्हता, आणि माझ्यात त्राण नव्हतं. मी 'खूण नाही' असं लिहिलं, घर कमी धोक्याच्या यादीत गेलं, आणि तिचा चहा पिऊन मी निघालो. पुढे तिथे पुन्हा पूर आल्याचं कानावर आलं. चौकशीला मी अजून गेलेलो नाही. गेलो तर ती बिचारी पुन्हा भिंती सारवत बसेल, असं स्वतःला सांगतो.