क्लॉकची तार आणि शोभाताई

आमच्या साउंडच्या टेम्पोत दर कार्यक्रमाला दोन गोष्टी वाढतात, वायरी आणि किस्से. वायरी आमचा ड्रायव्हर बबनदादा गुंडाळतो. किस्से कोण गुंडाळणार? त्यातले निम्मे तर शोभाताईंचेच!

शोभाताई वीस वर्षं एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मीटर-गेज सांभाळत होत्या. आता महाडात आमच्याबरोबर डिजिटल ऑडिओ राउटर सांभाळतात. माइक, मिक्सर, रेकॉर्डर, सगळे ज्या डब्यात येऊन मिळतात तो राउटर. आवाज त्यातून आकडे होऊन धावतो आणि सगळ्या मशिनींनी ते आकडे एकाच ठोक्यावर मोजायचे. हा ठोका वेगळ्या तारेतून येतो. त्याला आम्ही क्लॉक म्हणतो.

*

पहिलाच मोठा कार्यक्रम, पोलादपूरला. स्पीकरमधून मधूनच ‘टक्’! मी माइक बदलला, वायर बदलली, शेवटी स्टँडसुद्धा बदलला. टक्!

शोभाताई डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, “माइक चांगलाय. मिक्सर स्वतःच्या ठोक्यावर चाललाय, राउटर स्वतःच्या. मिक्सरला म्हणावं, राउटरचा ठोका घे.”

मी एक सेटिंग बदललं. टक् गेलं ते गेलंच. बाई आकडे ऐकतात की काय!

*

पोलादपूरच्याच एका गुरुजींनी विचारलं, “एवढ्याशा ठोक्याला वेगळी तार कशाला?”

मी सांगायला लागलो, गुरुजींचा चेहरा कोराच. तेवढ्यात बबनदादा म्हणाला, “गुर्जी, लेझमीत हलगी एकच असते का नाय? दोन वाजल्या की पाय अडाकलेच! ही तार म्हंजे आमची हलगी हाय.”

गुरुजींना पटलं. मी तीन वर्षं डिप्लोमा केलाय, बरं का!

*

क्लॉकच्या तारेच्या शेवटच्या टोकाला धातूची छोटी टोपी लागते. नसली तर ठोका टोकावर आपटून मागे फिरतो आणि गोंधळ घालतो. महाडच्या एका हॉलमध्ये बबनदादाला वाटलं, ही धुळीसाठी असणार. काढली, खिशात टाकली. ऐन भाषणात खरखर!

शोभाताई मागून ओरडल्या, “टोपी कुणी काढली? आधी घाला!”

पहिल्या रांगेतल्या तीन आजोबांनी मांडीवरच्या टोप्या मुकाट डोक्यावर चढवल्या!

*

एकदा राउटर जोडायला मुंबईचा इंजिनिअर आला. “मॅडम, सगळे दिवे ग्रीन आहेत. नो टेन्शन!”

शोभाताईंनी राउटरमागे हात घालून क्लॉकची तार नुसती हलवली. दिवा लाल! प्लग पीळ देऊन बसवायचा, तो नुसता टेकवलेला.

“भाऊ, दिवा आत्ताचं सांगतो. पुढचं हाताला विचारायचं.”

त्यानंतर तो प्रत्येक प्लग ओढून बघत होता. आमच्या टेम्पोचं दारसुद्धा!

*

आणि अनुसयाआजी. वरंधकडच्या एका वाडीतल्या, नव्वदीच्या. चवदार तळ्यावरची गाणी त्यांच्या आईनं रचलेली, कुठंच लिहिलेली नाहीत. आवाज दिवसेंदिवस बसत चाललेला. डॉक्टर म्हणाले होते, फार गाऊ देऊ नका. नात त्यांना रेकॉर्डिंगसाठी महाडला घेऊन आली. जे व्हायचं ते एकदाच.

शोभाताईंनी राउटरला ठोका देणारे दोन क्लॉक जोडले. एक मुख्य, एक राखीव. पहिला बंद पडला तरच राउटर दुसरा धरणार.

आजी डोळे मिटून गात होत्या. सगळ्यात लांब गाण्याच्या मध्यावर मुख्य क्लॉकचा दिवा विझला! मी तारेकडे हात नेला. शोभाताईंनी माझा हात घट्ट धरला. राउटरनं राखीव क्लॉक धरला होता. ना टक्, ना खरखर. आजी गातच होत्या.

गाणं संपल्यावर आम्ही तो भाग हेडफोन लावून तीनदा ऐकला. स्वच्छ!

आजींनी डोळे उघडले. “मधी कोन उठलं गो?”

शोभाताई म्हणाल्या, “कुणी नाही, आजी. सगळे जागच्या जागी होतो.”

“नाय. एक उठला, नि त्याच्या जागी दुसरा बसला.”